Explainer नव्हे, आधी नंबर बघा: जुनी लष्करी रायफल मूळ रूपात आणायची की बदलायची?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ‘स्प्रिंगफील्ड १९०३’ या लष्करी रायफली नागरिकांना स्वस्तात मिळाल्या. अनेकांनी लाकडी दस्ता कापला, दुर्बीण बसवली आणि शिकारीची रायफल बनवली. आज अशी रायफल हाती आलेल्यांपुढे प्रश्न असतो: ती पुन्हा मूळ रूपात आणायची की आणखी बदल करायचे?

आधी काय पाहायचं?
अनुक्रमांक. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ पेक्षा कमी क्रमांकाच्या रायफलींचं पोलाद ठिसूळ असू शकतं. तेव्हा कारागीर तापलेल्या पोलादाचा रंग नजरेनं पाहून तापमान ठरवत. काही रायफली गोळी झाडताना फुटल्या. अशी रायफल जपून ठेवावी, तिच्यातून गोळी झाडू नये.

बदल कधी चालतात?
नळी कापलेली किंवा दुर्बिणीसाठी भोकं पाडलेली असतील, तर संग्राहकांच्या लेखी मोल आधीच घटलेलं असतं. तिथे शिकारीसाठी बदल करायला हरकत नाही. फक्त दस्ता कापलेला असेल, तर जुना दस्ता शोधून मूळ रूप देता येतं.

आणि काहीच बदललेलं नसेल तर?
हात लावू नये. लाकूड घासलं की लष्कराचे शिक्के पुसले जातात. ते परत येत नाहीत.