दाढीवाला सरडा : पालन व स्वच्छता
सरीसृप वर्गातील ॲगॅमिडी कुलातील हा सरडा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरड्या प्रदेशात आढळतो. भारतात बागांतून सर्रास दिसणारा सरडाही याच कुलातील आहे. याचे शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स असून एर्न्स्ट आल यांनी १९२६ मध्ये त्याचे वर्णन केले. शेपटीसह लांबी सु. ४०–६० सेंमी. असते. डिवचला असता तो गळ्याखालील काटेरी त्वचा फुगवतो व ती काळी पडते. यावरून हे नाव पडले. ऑस्ट्रेलियातून जिवंत वन्य प्राण्यांची व्यापारी निर्यात होऊ दिली जात नाही. त्यामुळे इतर देशांत पाळले जाणारे सरडे सामान्यतः बंदिवासात पैदास झालेले असतात.

निसर्गात हा प्राणी आपली विष्ठा मागे टाकून पुढे जातो. पेटीत मात्र अन्न, पाणी, विष्ठा व विश्रांतीची जागा काही चौरस फुटांतच एकत्र येतात. त्यामुळे स्वच्छता हा पालनातील केवळ शोभेचा भाग नसून प्राणी व पाळणारे कुटुंब या दोघांच्याही आरोग्याचा प्रश्न ठरतो.

पेटीची रचना : प्रौढ सरड्यास सु. १२० सेंमी. लांब, ६० सेंमी. रुंद व तितकीच उंच पेटी लागते. तिच्या एका टोकाला उष्ण दिव्याखाली तापमान सु. ४०° से. व दुसऱ्या टोकाला २५°–२८° से. ठेवतात, शिवाय जंबुपार किरण देणारा दिवा लावतात. तळाशी कागद किंवा खडबडीत फरशी अंथरणे सोयीचे असते. वाळूत घाण लपून राहते व ती गिळली गेल्यास आतडे तुंबण्याचा धोका असतो. दमट हवा या प्राण्याला मानवत नाही. म्हणून कोकणासारख्या प्रदेशात पावसाळ्यात पेटीत हवा खेळती राहील अशी व्यवस्था करावी लागते.

दैनंदिन स्वच्छता : विष्ठा व तिच्यासोबत पडणारा यूरिक अम्लाचा पांढरा गोळा दिसताच काढतात. यामागे विशेष कारण आहे. या सरड्याच्या आतड्यात आयसोस्पोरा ॲम्फिबोल्युरी हा एकपेशीय परजीवी पुष्कळदा आढळतो. विष्ठेतून बाहेर पडणाऱ्या त्याच्या अंडपुटी काही काळाने संसर्गक्षम होतात आणि अन्नावाटे त्याच प्राण्याच्या पोटात परत जातात. विष्ठा वेळीच काढल्यास हे चक्र तुटते. पाण्याचे भांडे रोज घासतात. उरलेला पाला व न खाल्लेले रातकिडे संध्याकाळी काढून टाकतात. रातकिडे निजलेल्या सरड्यास चावे घेतात.

संपूर्ण स्वच्छता : आठवड्यातून एकदा सर्व पृष्ठभाग पुसतात व साधारणतः महिन्यातून एकदा पेटी पूर्ण रिकामी करतात. त्या वेळी सरड्यास दुसऱ्या उबदार पेटीत हलवतात. प्रथम साबण व गरम पाण्याने घाण खरवडून काढणे आवश्यक असते, कारण घाणीच्या थराखाली जंतुनाशकाचा परिणाम होत नाही. त्यानंतर घरगुती विरंजक द्राव सु. दहापट पाण्यात मिसळून लावतात व दहा मिनिटे राहू देतात. नंतर भरपूर पाण्याने धुऊन पेटी उन्हात पूर्ण वाळवतात. विरंजक द्रावात अमोनियायुक्त पदार्थ मिसळल्यास विषारी वायू निर्माण होतात. फिनॉलयुक्त जंतुनाशके (उदा., काळे फिनेल) सरीसृपांना घातक असल्याने वापरीत नाहीत. वर उल्लेखिलेल्या अंडपुटी विरंजक द्रावाला दाद देत नाहीत. त्यांसाठी वाफ किंवा उकळते पाणी वापरावे लागते. सच्छिद्र लाकूड दूषित झाल्यास टाकून देणे श्रेयस्कर.

प्राण्याची स्वच्छता : छातीपर्यंत येईल एवढ्या कोमट पाण्यात सरड्यास अधूनमधून काही मिनिटे बसवतात. कात टाकताना बोटांवर वा शेपटीच्या टोकावर राहिलेली त्वचा ओढून काढू नये. ती ओलावून सैल करतात. तशीच राहिल्यास रक्तप्रवाह अडून तो भाग गळून पडतो. नवीन आणलेला सरडा दोनतीन महिने इतरांपासून वेगळा ठेवतात व त्याची विष्ठा पशुवैद्याकडून तपासून घेतात.

मानवी आरोग्य : निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या आतड्यातही साल्मोनेला जंतू असू शकतात व ते विष्ठेतून त्याच्या त्वचेवर आणि पेटीतील वस्तूंवर पसरतात. माणसात त्यांमुळे जुलाब, ताप व पोटात कळा ही लक्षणे दिसतात. अमेरिकेत २०१२–१४ या काळात या सरड्यांशी संबंधित अशी साथ उद्भवली होती व तीत लहान मुलांचे प्रमाण मोठे होते. प्रतिजैविके देऊन हे जंतू सरड्यातून कायमचे घालविता येत नाहीत. म्हणून त्यांचा प्रसार रोखणे हाच मार्ग उरतो. पेटीतील भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत, सांडपाणी शौचकूपात ओतावे व प्रत्येक हाताळणीनंतर हात साबणाने धुवावेत. पाच वर्षांखालील मुले, गर्भवती, वृद्ध व रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्ती असलेल्या घरात हा प्राणी न पाळणे इष्ट असते.