बॉनेटखाली उकळलेलं पेट्रोल

मे महिन्यातली दुपार, खोपोली मागे पडलेली, समोर बोरघाटाची चढण. द्रुतगती मार्ग होण्याआधीच्या दिवसांत इथे रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभी असलेली एखादी प्रीमियर पद्मिनी हमखास दिसायची. टाकीत पेट्रोल भरपूर, बॅटरी ठणठणीत, स्टार्टर फिरतोय. इंजिन मात्र धरत नाही. मेकॅनिक म्हणायचे, ‘एअर लॉक झालंय.’

खरं तर आत हवा शिरलेलीच नसते. नळीतलं पेट्रोल उकळलेलं असतं!

पाणी १०० अंशांना उकळतं, कारण ते एकच द्रव्य. पेट्रोल म्हणजे शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांनाच वाफ होऊ लागतात, जड घटक २०० अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतात. हे हलके घटक मुद्दाम ठेवलेले असतात, कारण इंजिनात जळते ती पेट्रोलची वाफ. थंडीतल्या पहाटे गाडी सुरू होते ती त्यांच्याच जोरावर. म्हणजे कार्बोरेटरच्या पुढे जी वाफ इंजिनाचा जीव, तीच हातभर अलीकडे तयार झाली की गाडी जागच्या जागी ठप्प. या हातभर अंतराचं मला फार नवल वाटतं.

पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाला पेट्रोल पंप चिकटूनच बसवलेला असे. कॅमशाफ्टच्या रेट्याने त्यातला डायाफ्राम वरखाली होई आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढून घेई. ओढायचं म्हणजे नळीतला दाब कमी करायचा. आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. त्यात घाट. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर इंजिन तापलेलं, वेग नाही म्हणून वारा लागत नाही, आणि खंडाळ्यापर्यंत हवेचा दाबही समुद्रसपाटीपेक्षा सहा-सात टक्क्यांनी उतरलेला. चहासाठी थांबून इंजिन बंद केलं तर आणखीच पंचाईत: पंखा थांबतो, रेडिएटरचं पाणी फिरायचं थांबतं, साठलेली उष्णता पंपात उतरते. द्रव पुढे ढकलता येतो. वाफ नुसती दबते आणि फुगते. डायाफ्राम हलत राहतो, पेट्रोल हलत नाही.

उपाय काय, तर ओलं फडकं. पंपावर थेट पाणी ओतायचं नाही. तापलेल्या धातूला तडा जायची भीती. सुती कापड भिजवून, जरासं पिळून पंपाभोवती गुंडाळायचं. क्षणात ते कोमट होतं, पुन्हा भिजवायचं. एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता सोबत नेतं. तेच पाणी शून्यापासून उकळीपर्यंत तापवायला १०० पुरतात. माठातलं पाणी गार होतं ते याच न्यायाने. बाहेर पाण्याची वाफ होते, म्हणून आत वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं!

हल्लीच्या गाड्यांत पंप टाकीतच बुडवलेला असतो. तो पेट्रोल ओढत नाही, मागून दाबाने ढकलतो, त्यामुळे ते सहसा उकळत नाही. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही २०२३ साली निवृत्त झाली. पण जपून ठेवलेली एखादी अजून घाट चढते, अजून अडते.

दहा-पंधरा मिनिटांनी स्टार्टर मारला की इंजिन दोनदा खोकतं, तिसऱ्यांदा धरतं. फडकं पंपावर तसंच ठेवून निघायचं. लोणावळ्याला बॉनेट उघडावं, तर ते पापडासारखं वाळलेलं.