ग्रंथ कोणता, त्यात काय आहे, ऐकून मिळते काय?

पुस्तकावरच्या गप्पा म्हटले की मला अलिबाग तालुक्यातले रेवदंडा आठवते. हे निरूपणकार नानासाहेब धर्माधिकारींचे गाव. 1943 मध्ये मुंबईच्या गोरेगावात त्यांनी समर्थ रामदासांच्या दासबोधाचे निरूपण सुरू केले आणि पुढे गावोगावी बैठका भरू लागल्या. एकच ग्रंथ, पण तो कितीतरी माणसांनी एकत्र बसून ऐकलेला!

अध्यात्माची ओढ नसली तरी वाचणाऱ्याने दासबोधाचा पहिला समास, म्हणजे पहिले प्रकरण, जरूर वाचावा. ग्रंथाची सुरुवातच श्रोत्यांच्या प्रश्नांनी होते: हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितले आहे, ऐकून काय मिळते? नवे पुस्तक हाती दिसले की आपण मित्राला हेच तर विचारतो. पुढे समर्थ आधाराला घेतलेल्या ग्रंथांची नावेही सांगतात आणि संपूर्ण ग्रंथ न पाहता त्याला नावे ठेवणाऱ्याला चांगलेच फटकारतात. मला तर हे आजच्या प्रत्येक पुस्तकचर्चेसाठी लिहिल्यासारखे वाटते. याच पहिल्या दशकात श्रोत्यांच्या स्तुतीला एक अख्खा समास दिला आहे. ऐकणाऱ्याला एवढा मान!

एकूण 20 दशक, 200 समास. सलग वाचायची गरज नाही. पहिल्यानंतर थेट 19व्या दशकाचा पहिला समास काढा. तो हस्तलिखित कसे करावे यावर आहे: अक्षर, ओळी, बोरू, कागद. चहूबाजूंनी मोकळी जागा सोडा, म्हणजे कागदाची कड झिजली तरी अक्षराला धक्का लागत नाही, इतका बारीक विचार त्यात आहे.

तुमच्याकडे कोणती प्रत आहे? सार्थ की नुसती मूळ ओव्यांची?