माशी धरणारे रोप घरी वाढवताना

पाच वर्षांपूर्वी एका परिचिताने मला 'व्हीनस फ्लायट्रॅप'चे रोप हौसेने भेट दिले. मी ते शेणखत मिसळलेल्या काळ्या मातीत लावले, घरच्या बोअरचे पाणी घातले आणि व्हरांड्यातल्या सावलीत ठेवले. येणारा-जाणारा प्रत्येकजण त्याच्या पानात बोट घालून पाही. दीड महिन्यात ते काळे पडून गेले. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्याच्या घरी हे घडावे याची लाज वाटली, हे कबूल केले पाहिजे. आता ही रोपे पोस्टानेही मिळतात. आपल्या काही विद्यार्थ्यांनी मागवलेली रोपेही माझ्याच रोपाच्या वाटेने गेली, म्हणून हा लेखनप्रपंच.

या रोपाचे माहेर एकच. अमेरिकेतील उत्तर आणि दक्षिण कॅरोलिना या राज्यांच्या किनाऱ्यालगतची विरळ पाइनची राने. १७५९ साली तेथील गव्हर्नर आर्थर डॉब्स यांनी त्याचा उल्लेख एका पत्रात केला. पुढे १७६८ मध्ये जॉन एलिस यांनी त्याला 'डायोनिया मस्सिपुला' हे शास्त्रीय नाव दिले. तेथील जमीन ओली, रेताड, आम्लधर्मी आणि नत्राच्या बाबतीत अगदी कंगाल. मातीत जे मिळत नाही ते हे झाड किड्यांच्या अंगातून काढते. म्हणजे माशी हे त्याचे जेवण नव्हे, खत आहे. जेवण ते इतर झाडांसारखेच उन्हात स्वतः तयार करते. एवढी एक गोष्ट ध्यानात आली असती तर माझे रोप वाचले असते.

सापळा म्हणजे पानाचेच दोन दलांचे टोक. प्रत्येक दलाच्या आतल्या बाजूस बहुधा तीन बारीक केस असतात. केसाला एकदा धक्का लागला तर काही होत नाही. सुमारे वीस सेकंदांच्या आत दुसरा धक्का लागला तरच सापळा मिटतो. पावसाच्या थेंबाने वा वाऱ्याने आलेल्या काडीने फसू नये, म्हणून ही खबरदारी. प्रत्येक धक्क्यासरशी पानातून विजेची एक लहर जाते. १८७३ मध्ये बर्डन-सँडरसन यांनी ती मोजून दाखवली. बाहेर फुगलेली दले क्षणार्धात उलटी वळतात. आत सापडलेला किडा धडपडू लागला की धक्के वाढत जातात आणि साधारण पाच धक्क्यांनंतर पाचकरसाची तयारी सुरू होते. म्हणजे झाड चक्क मोजते! पचनाला आठवडा-दीड आठवडा लागतो. एकेक सापळा आयुष्यात थोड्याच वेळा असा मिटू शकतो. गंमत म्हणून बोट घालणारा त्यातली एक वेळ फुकट घालवतो.

आता निगा. कुंडीत पीट मॉस आणि धुतलेली जाड वाळू किंवा परलाइट एवढेच घालावे. खत मुळीच नको. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवावी, माती कायम ओली राहिली पाहिजे. पाणी मात्र क्षारविरहित हवे. बोअरच्या पाण्यातले क्षार मातीत साचत जातात आणि मुळे जळतात. आपल्या बेळगावकरांना येथे अडचण पडू नये, कारण जूनपासून आभाळच पुरवठा करते. पहिल्या सरींनी गच्ची धुऊन निघू द्यावी आणि मग स्वच्छ कॅन भरून झाकून ठेवावेत. (झाकण विसरलात तर डासांची पैदास होईल, आणि तेवढे डास काही हे रोप खाणार नाही.) पावसाचे पाणी संपले तर बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी चालते.

ऊन रोज चार-सहा तास तरी हवे. रोप बाहेर असेल तर भक्ष्य ते स्वतः मिळवते. भरवायचेच असेल तर सापळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा किडा महिन्यातून एखाद्या सापळ्याला पुरे. किडा मेलेला असेल तर मिटलेला सापळा बाहेरून हलके चोळावा, नाही तर धडपड न जाणवल्याने तो पुन्हा उघडतो. मटणाचा तुकडा घालू नये, पान कुजते. अशक्त रोपाला फुलाचा दांडा आला तर लहान असतानाच खुडावा.

खरी कठीण गोष्ट हिवाळ्याची. या रोपाला तीन-चार महिने थंडीची झोप लागते. आपल्याकडची थंडी त्याच्या मानाने सौम्य आणि थोड्या दिवसांची. डिसेंबरात त्याची पाने आखूड होतात, काही काळी पडतात. तेव्हा रोप मेले समजून फेकू नये. पाणी कमी करून ते रात्री उघड्यावर गारव्यात ठेवावे. काहीजण कंद ओल्या मॉसमध्ये गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवतात.

ज्यांना एवढी पथ्ये जमणार नाहीत त्यांनी पावसाळ्याच्या अखेरीस आंबोलीकडच्या सड्यांवर जावे. तेथील निःसत्त्व जांभ्यावर आपला 'दवबिंदू' चिकट केसांवर किडे धरतो आणि 'सीतेची आसवे' मातीतल्या पाण्यात इवल्या पिशव्यांनी सूक्ष्म जीव ओढून घेते. ती रोपे मात्र उपटून आणू नयेत; पाहायची तर तेथेच, गुडघे टेकून. माझे दुसरे रोप आता तिसऱ्या हिवाळ्यात आहे आणि त्याला सध्या चारच पाने आहेत.