विश्लेषण : खासदार विरोधात, तरी कॉर्बिन दोनदा कसे जिंकले?

ब्रिटनमधील मजूर पक्षाच्या २०१५ च्या नेतेपदाच्या निवडणुकीत उमेदवारीसाठी ३५ खासदारांचा पाठिंबा हवा होता. जेरेमी कॉर्बिन यांच्याकडे तो नव्हता. समर्थकांनी समाजमाध्यमांवरून खासदारांना गळ घातली. मुदत संपण्याच्या काही मिनिटे आधी आकडा जुळला.

नियम काय बदलला?
३ पौंड भरून ‘नोंदणीकृत समर्थक’ झालेल्यांनाही मताधिकार मिळाला. अशा लाखाहून अधिक मतदारांपैकी सुमारे ८४ टक्के कॉर्बिन यांच्या बाजूने गेले. एकूण मते ५९.५ टक्के.

पेच कुठे आला?
२०१६ मध्ये १७२ खासदारांनी अविश्वास दाखवला. फेरनिवडणुकीत शुल्क २५ पौंड झाले, तरीही कॉर्बिन ६१.८ टक्के मतांनी जिंकले. नेता निवडणारे बाहेर आणि त्याला संसदेत साथ देणारे वेगळे, ही दरी मात्र कायम राहिली.