सहरीची वेळ, नळाची वेळ

मालेगावात जुम्याला यंत्रमाग थांबतात, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. रमजानमध्ये मात्र या मोसमकाठच्या शहरात रात्रीचा दिवस होतो. तरावीहनंतर बाजार फुलतो, सहरीआधी स्वयंपाकघरे जागी होतात. नळाला पाणी कधी येणार, हा तेव्हा घराघरातला प्रश्न.

चांद्रवर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१८ साली तो ऐन मे-जूनमध्ये होता; २०३० मध्ये जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर येईल. म्हणजे गेल्या वर्षीचे वेळापत्रक यंदा जसेच्या तसे चालत नाही. २००१ पासून येथे महापालिका आहे, आणि तयारीला शाबानचा अख्खा महिना हाताशी असतो. पाणी, झाडलोट, पथदिवे यांच्या वेळा चांद दिसण्याआधीच जाहीर व्हाव्यात. रात्रपाळी करून सहरीला घरी पोहोचणाऱ्या कारागिराला मग हंडा घेऊन ताटकळावे लागणार नाही.