अर्ध्या तासाची रेघ

जुलै १९९५मध्ये फ्लोरिडातल्या केनेडी अंतराळ केंद्राच्या वेब सर्व्हरकडे १८,९१,७१४ मागण्या आल्या. 'मीर' स्थानकाला जोडलं गेलेलं 'अटलांटिस' यान परत उतरलं, आठवड्यात 'डिस्कव्हरी' उडालं. लोक चित्रं उघडून बघत होते. सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक मागणीची एकच ओळ: पत्ता, तारीख, वेळ, फाइल, आकार. हा लॉग आजही अभ्यासासाठी खुला आहे.

पण माणूस कधी आला आणि कधी उठून गेला, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही. ते आपण ठरवायचं. तासातासाचे खण पाडणं सोपं, पण फसवं. एकाच पत्त्यावरून १०.०५, १०.१२, १०.५८ आणि ११.०१ला मागण्या आल्या, तर शेवटच्या दोन उगाचच वेगळ्या खणांत जातात.

म्हणून वेळेपेक्षा खंड मोजायचा. पायथनच्या 'पांडाज' लायब्ररीमध्ये आधी पत्ता आणि वेळ यांनुसार ओळी लावून घ्यायच्या (हे विसरलं की पुढचं सगळं मुसळ केरात), मग प्रत्येक पत्त्यापुरती 'डिफ'ने लगतच्या नोंदींची वजाबाकी: ७, ४६, ३ मिनिटं. तिसांपेक्षा मोठी असेल तिथे १, एरवी ०. 'कमसम'ने ही बेरीज पुढे नेत गेलं की ०, ०, १, १ असे भेटींचे क्रमांक हाती येतात. एकही लूप लिहावा लागत नाही.

तीसच का? १९९५मध्येच जॉर्जिया टेकच्या कॅटलेज आणि पिटको यांनी वापरकर्त्यांच्या दोन कृतींमधलं सरासरी अंतर ९.३ मिनिटं मोजलं, त्यात दीडपट प्रमाण विचलन मिळवून साडेपंचवीस मिनिटांची मर्यादा धरली. पुढे सोयीसाठी तिचा अर्धा तास झाला आणि जगभर तोच रूढ झाला. एका विद्यापीठातल्या सवयी बँकेच्या ॲपला आणि चित्रपटांच्या संकेतस्थळाला सारख्याच लागू पडाव्यात, हे मला काही पटत नाही. आपल्या डेटातले खंड आलेखावर मांडून मगच रेघ ओढावी.

शिवाय पत्ता म्हणजे माणूस नव्हे. 'प्रॉडिजी'सारख्या इंटरनेट सेवेच्या एकाच प्रॉक्सी सर्व्हरआडून कितीतरी जण यायचे. त्यांची भेट संपतच नाही.

ऑगस्टच्या लॉगमध्ये तर उलटाच पेच आहे. १ तारखेला दुपारी २.५२पासून ३ तारखेच्या पहाटे ४.३६पर्यंत एकही नोंद नाही. 'एरिन' चक्रीवादळामुळे सर्व्हर बंद होता. प्रोग्रामला वादळ कळत नाही. त्याच्या लेखी सगळे पाहुणे आपणहून निघून गेले. २.५२च्या आधीच्या अर्ध्या तासात शेवटची नोंद असलेल्या भेटींवर म्हणूनच 'अपूर्ण' असा शिक्का मारायचा आणि सरासरी काढताना त्या बाजूला ठेवायच्या.